वीस गुंठ्यांचं मीठ

दापोली,
धुळवडीची दुपार

प्रिय वहिनी,

परवा फोनवर तू विचारलंस, "मेली काय गो ती जमीन?" आणि मी काहीबाही बोलून विषय बदलला. मागे नात रडत होती, तुलाही घाई होती. दोन शब्दांत "नाही मेली" म्हटलं असतं, तर नणंदेनं धीर दिला एवढंच तू समजली असतीस. मला नुसता धीर द्यायचा नाही, कारण सांगायचं आहे, आणि कारण सांगायला सवड लागते. आज सुट्टी आहे म्हणून लिहायला बसले. लिहिताना असंही वाटलं की हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. धरमतरच्या खाडीला लागून जेवढी गावं आहेत, त्यांतल्या कुणाच्या ना कुणाच्या शेतावर या दिवसांत मीठ फुललेलं असणार. म्हणून हे पत्र छापायला देते आहे. रागावू नकोस.

बांधाजवळच्या त्या २० गुंठ्यांचं आधी सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. तीन पावसाळ्यांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली. भरतीचं पाणी आत शिरलं आणि ओहोटीला सगळं बाहेर गेलं नाही. उभं भात शेंड्याकडून करपत खाली आलं. पुढच्या वर्षी तू हिमतीनं पुन्हा रहू, म्हणजे मोड आलेलं बी, टाकलास, तर कडेकडेनं उगवलं आणि मधे टक्कल राहिलं. गेल्या पावसाळ्यात तू ते शेत पडीक ठेवलंस. आता फाल्गुन अर्धा सरला आहे आणि तिथं पांढरी साय धरली आहे. गाडी घेऊन भाव विचारायला येणाऱ्यांना नेमकी हीच पांढरी जमीन आधी दिसते.

वहिनी, मी पाचवीत असताना तू आपल्या घरी आलीस. शाळेतून परत येताना मी बांधावर तुला शोधायची. तू वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचीस आणि म्हणायचीस, "अजून दोन पाणी जाऊ देत." दोन पाणी जाऊ द्यायचं म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, सोडायचं, पुन्हा साठवायचं, पुन्हा सोडायचं. मग रहू. पुढे कृषी विद्यापीठात आल्यावर माझ्या हातात मातीची क्षारता मोजायचं यंत्र आलं. पहिल्या सुट्टीत ते घरी आणून तुझ्या जिभेशी ताडून पाहिल्याचं आठवतं ना? तू "पेर आता" म्हणालीस त्या वाफ्याचा आकडा पेरायला योग्य होता. त्या दिवसापासून मी तुझ्याशी शेतीबद्दल बोलताना शिकवण्याचा आव आणत नाही. आज सांगणार आहे ते निम्मं तुला जिभेनं ठाऊक आहे. उरलेलं मातीच्या पोटातलं आहे, तिथं जीभ पोचत नाही.

मीठ भाताला नेमकं काय करतं ते तुझ्या स्वयंपाकघरात रोज घडतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं. मिठानं फोडीतलं पाणी बाहेर ओढलेलं असतं. खाऱ्या मातीत मुळाची तीच गत होते. शेतात पाणी दिसतं, पण मिठानं ते आपल्याकडे धरून ठेवलेलं असतं आणि मुळाला ओढता येत नाही. चिखलात उभं असलेलं रोप तहानेनं मरतं. त्यातूनही जे पाणी आत जातं त्याबरोबर सोडियम जातो, पानांत साठतो आणि शेंडे जाळतो. तू "करपलं" म्हणतेस ते हेच.

भात या बाबतीत नाजूकच म्हणायला हवं. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता ३ च्या वर गेली की पीक घटायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक आकड्याला साधारण १२ टक्के उत्पन्न उतरतं. म्हणजे ७ च्या आसपास निम्मं पीक गेलं. पण सगळ्या वयात भात सारखं नाजूक नसतं. रुजताना ते बरंच मीठ सोसतं. दोन-तीन पानांचं झालं की हळवं होतं, मग पुन्हा काटक होतं, आणि पोटरी-फुलोऱ्यात पुन्हा हळवं. आपल्याकडे फुलोऱ्याच्या वेळी पाऊस सरत आलेला असतो आणि मीठ परत वर येऊ लागतं. म्हणून खारेपाटात उशीर परवडत नाही, हे तू नेहमी सांगतेस. ते मी पुढे पुन्हा काढणार आहे, लक्षात ठेव.

आता जमिनीचं. खाडीचं पाणी आत आलं तेव्हा मीठ आलं एवढंच झालं असतं, तर आपल्या पावसानं ते एका हंगामात धुऊन नेलं असतं. कोकणातला पाऊस काही थोडाथोडका नाही. मग दुसऱ्या वर्षीही मधे टक्कल का राहिलं? सुटं मीठ पाण्याबरोबर जातं, पण त्यातला काही सोडियम मातीच्या बारीक कणांना चिकटून मागे राहतो. सोडियम चिकटलेले कण एकमेकांना धरत नाहीत. पावसाचं गोडं पाणी पडलं की ते सुटतात, तरंगतात आणि मातीतली बारीक भोकं बुजवून टाकतात. ओलं असताना शेत लोण्यासारखं होतं आणि सुकलं की पाट्यासारखं. नांगराचा फाळ त्यावर घसरतो असं तू म्हणाली होतीस. अशा मातीवर कितीही पाऊस पडला तरी तो वरूनच वाहून जातो आणि खालचं मीठ खालीच राहतं. मग दिवाळीनंतर ऊन तापलं की कंदिलाच्या वातीतून तेल चढावं तसं तेच मीठ ओलाव्याबरोबर वर येतं. ओलावा उडून जातो, मीठ उरतं. तुझ्या शेतावरची पांढरी साय अशी धरते.

म्हणजे ती जमीन मेलेली नाही, वहिनी. तिचं तोंड मिटलं आहे.

आणि तोंड उघडायचं काम सेंद्रिय खत करतं. इथं एक गैरसमज मला मनापासून काढायचा आहे. "शेणखत टाका, खार मरेल" असं आपल्याकडे सर्रास सांगतात. शेणखत मीठ मारत नाही, खात नाही, कुठं नाहीसंही करत नाही. मीठ वाहून नेतं ते फक्त पाणी. खत पाण्याला वाट करून देतं. हा फरक कळला नाही की लोक दोन ट्रॉल्या खत ओततात, बांध तसाच गळका ठेवतात, आणि मग खताला नावं ठेवतात.

वाट कशी होते? शेणखत, पाला, पेंढा मातीत कुजायला लागला की त्यावर जगणारे सूक्ष्मजीव एक प्रकारचा डिंक सोडतात. बुरशीचे तंतू पसरतात. सुटे झालेले कण पुन्हा एकमेकांना धरतात, त्यांचे रवे होतात, आणि रव्यांमधे भोकं राहतात. पिठाचा गोळा आणि रवा या दोन्हींवर पाणी ओतून पाहा, कशातून झिरपतं ते कळेल.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. आपल्या खारातल्या मातीत शिंपल्यांचा आणि खुब्यांचा चुरा असतो. तू ढेकूळ फोडतेस तेव्हा तो चमकतो. तो चुना आहे. कुजणाऱ्या पाल्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, मातीतल्या पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं आणि त्या आंबट पाण्यात शिंपल्याचा चुना हळूहळू विरघळू लागतो. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणावर जाऊन बसतं आणि तिथल्या सोडियमला उठवतं. उठलेला सोडियम पावसाबरोबर उघाडीकडे जातो. समुद्रानं सोडियम आणला आणि समुद्राच्याच शिंपल्यानं तो बाहेर काढला. मधे कुजणारा पाला हवा, एवढंच.

म्हणून तुझ्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या त्या जिप्समच्या संदेशाची घाई करू नकोस. घाटावरच्या चोपण जमिनीत, जिथं सामू साडेआठच्या वर जातो आणि सोडियमच मुख्य शत्रू असतो, तिथं जिप्सम हे खरं औषध आहे. आपली खारी जमीन बहुधा तशी नसते. तिचं पहिलं दुखणं मीठ आणि निचरा. मातीच्या अहवालानं जिप्सम मागितलं तर मी स्वतः पोती घेऊन येईन.

अहवालावरून आठवलं. तुझ्याकडे जी माती परीक्षणाची पत्रिका आली आहे तिच्यावरचा क्षारतेचा आकडा मी वर सांगितलेल्या ३ शी लावू नकोस. पत्रिकेसाठी माती बऱ्याच पाण्यात ढवळून मोजतात, त्यामुळे मीठ पातळ होऊन आकडा लहान दिसतो. मुळाला मातीत जे मीठ भेटतं ते त्याच्या कित्येक पट असतं. पत्रिकेवर दीड-दोन पाहून "फार नाही" म्हणत निवांत झालेले लोक मी पाहिले आहेत आणि मग त्यांची रोपं करपलेलीही पाहिली आहेत.

आता करायचं काय. पहिलं काम या आठवड्याचं आहे आणि तेच तुला सगळ्यांत जड जाणार आहे. पेंढा विकू नकोस.

मला माहीत आहे, पेंढ्याला आंब्याच्या पेट्यांसाठी आणि अढीसाठी आता गिऱ्हाईक येईल. गाईपुरता पेंढा तर ठेवायलाच हवा. पण उरलेला विकून येणारे पैसे आणि तो त्या २० गुंठ्यांवर पसरून होणारं काम यांची तुलना माझ्याबरोबर एकदा कर. मीठ वर येतं ते ऊन ओलावा ओढतं म्हणून. जमीन झाकली की वात मालवते. फाल्गुन ते ज्येष्ठ हे मीठ चढण्याचे सगळ्यांत वाईट दिवस, आणि नेमक्या याच दिवसांत आपली शेतं उघडी पडलेली असतात. खरं तर दिवाळीत, कापणीनंतर माती ओलसर असतानाच एक उथळ नांगरट करून वर पेंढा टाकायला हवा होता. नांगरटीनं वात तुटते, पेंढ्यानं ऊन अडतं. तो मुहूर्त गेला. तरी आता झाकलंस तर उरलेल्या दिवसांचं मीठ थोपेल. मोकाट सुटलेली गुरं पेंढा ठेवणार नाहीत हीही अडचण आहे. त्या तुकड्याभोवती काटेरी झाप लाव. बांधाच्या बाजूनं गुरं येत नाहीत, तीनच कडा राखायच्या आहेत.

पेंढा म्हणजे फक्त पांघरूण नव्हे. डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री भातशेती तू ऐकली असशील, आपल्या कृषी सहाय्यकानं मागे सभा घेतली होती. तिचं पहिलंच सूत्र भाताचे अवशेष भाताला परत द्या असं आहे. रोपवाटिकेत तुसाची काळी राख आणि शेतात पहिल्या नांगरटीला हेक्टरी २ टन पेंढा. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा पाला, हेक्टरी ३ टन. चारसूत्री खारेपाटासाठी म्हणून निघालेली नाही, पण ही दोन सूत्रं खाऱ्या जमिनीला दुप्पट लागू पडतात असं माझं मत आहे. पेंढ्यात आणि तुसात सिलिका भरपूर असते. भात ती मातीतून घेतं, मुळाच्या आणि पानाच्या पेशी तिनं घट्ट करतं, आणि घट्ट मुळातून सोडियमला चोरवाटेनं आत शिरणं अवघड जातं. पेंढ्यात पालाशही असतं. रोपाला पालाश पुरेसं मिळालं की सोडियमची मात्रा कमी चालते. आपण दरवर्षी गाड्या भरभरून पेंढा गावाबाहेर पाठवतो तेव्हा हे सगळं बाहेर पाठवतो.

पण कोरडा पेंढा ऐन चिखलणीला गाडू नकोस. साठलेल्या पाण्याखाली तो हवेविना कुजतो, त्यातून निघणारी आम्लं आणि वायू कोवळ्या मुळांना भाजतात, शिवाय कुजवणारे जीव मातीतलं नत्र स्वतःसाठीच ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. आता पसरलेला पेंढा वैशाखापर्यंत उन्हानं, दवानं अर्धा मोडेल. मृगाच्या आधी तो शेणखताबरोबर नांगरून मातीत मिसळायचा. शेणखत हेक्टरी १० टनांच्या हिशेबानं २० गुंठ्यांना २ टन. मात्र पुरतं कुजलेलं हवं, मूठ वळली तर सैल पडणारं आणि वास न येणारं.

मग धैंचा. माझा खरा भरवसा या वर्षी धैंच्यावर आहे. तो मीठ सोसतो, पाण्यात उभा राहतो, मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र साठवतो आणि त्याचं मूळ त्या पाट्यासारख्या थरात घुसतं. जिथं मूळ गेलं आणि कुजलं, तिथं नळी राहते आणि पाऊस त्या नळीतून खाली जातो. सगळीकडे लिहितात की धैंचा ४५-५० दिवसांचा झाला की गाडावा आणि मग भात लावावं. इथं तुझा उशिराचा नियम आडवा येतो. आपल्याकडे पावसाआधी पाणी नाही. पहिल्या पावसावर धैंचा पेरला तर गाडेपर्यंत श्रावण उजाडतो आणि त्यानंतरचं भात फुलोऱ्यात येईस्तो पाऊस संपतो. हे गणित पुस्तकात नसतं, पण तुझ्या खाचरात असतं. म्हणून माझा सल्ला असा की या एका तुकड्यात या वर्षी भात घेऊच नको. तसाही तो गेल्या वर्षी पडीक होता. २० गुंठ्यांना ८ ते १० किलो धैंचा बी मृगाच्या पावसावर फेक. पावसाळ्यात गुरं बांधलेली असतात, खाणार कुणी नाही. आषाढ सरता सरता, देठ लाकडासारखे होण्याआधी, तो जागीच गाड. मग पाऊस आहे तोवर ओहोटी साधून पाणी साठव आणि सोड, साठव आणि सोड. दिवाळीत पेंढा. पुढच्या ज्येष्ठात रहू.

एक वर्ष जाईल, हे मला ठाऊक आहे. पण आधीची वर्षंही गेलीच आहेत.

बाकीच्या शेताला गिरिपुष्प पुरे. वरकसात आणि वाटेच्या कडेला फांद्या रोवल्या की ते जगतं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत, आणि त्याच्या सुक्या पाल्यात शंभरात अडीच ते तीन भाग नत्र असतं. चिखलणीच्या आठवडाभर आधी कोवळ्या फांद्या टाकून तुडवायच्या. खाऱ्या पाण्यात युरिया फेकला की त्यातला बराचसा अमोनिया होऊन उडून जातो. पाल्यातलं नत्र मात्र हळूहळू सुटतं आणि रोपाला सावकाश पुरतं.

काय टाकायचं नाही तेही सांगते, कारण उत्साहात तेच पहिलं होतं. कोंबडीखतात मीठ असतं. शहराच्या कचऱ्याच्या खतातही बऱ्याचदा असतं. सुक्या मासळीची कुटी माडाला ठीक, या तुकड्याला नको. जिताड्याच्या तळ्याचा गाळ मात्र मला हवासा वाटतो, काळा, लोण्यासारखा. पण तळ्यात उन्हाळ्यात खार उतरतो की नाही हे आधी पाहू. तू जिभेनं पाहा, मी यंत्रानं पाहते.

बियाण्याचं तुला सांगायला नको. राता घरात ठेवला आहेस ना? लाल तांदळाला भाव नाही म्हणून पुष्कळांनी तो सोडला. पण काळा राता आणि भुरा राता ही खारात पिढ्यान् पिढ्या निवडत आणलेली वाणं आहेत, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानंही त्यांच्यातून निवड करून काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० दिले. पुढे पनवेल १, २, ३ ही वाणं आली. उत्पन्नाला ती चांगली. पुढच्या वर्षी त्या तुकड्यात मात्र पहिलं पीक रात्याचंच घेऊ, मग पनवेल. बंगालमधल्या नोना बोकरा नावाच्या एका जुन्या वाणात शास्त्रज्ञांना २००५ साली एक जनुक सापडलं. ते मुळातून वर निघालेल्या रसातला सोडियम वाटेतच परत ओढून घेतं, त्यामुळे पानात तो कमी जातो. नोना म्हणजे बंगालीत खारट. नाव ठेवणाऱ्या शेतकऱ्याला जनुक माहीत नव्हतं, पण वाण कशासाठी राखायचं ते माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी मी केरळात कोचीजवळ पोक्कळीची शेतं पाहायला गेले होते ते तुला सांगितलं होतं, पण एक गोष्ट सांगायची राहिली. तिथले शेतकरी खाऱ्या शेतात मातीचे छोटे ढीग करतात. पाऊस पडतो, ढिगांवरचं मीठ आधी धुऊन खाली जातं, आणि मोड आलेलं बी त्या ढिगांच्या माथ्यावर रुजवतात. रोपं हातभर झाली की ढीग मोडून ती सगळीकडे पसरतात. कापणी फक्त लोंब्यांची. खालचं उंच धसकट तिथंच ठेवतात, खाडीचं पाणी आत घेतात, त्यात कोळंबी वाढते. धसकट कुजतं, कोळंबीला खाद्य होतं, कोळंबीचं उरलंसुरलं पुढच्या भाताला खत होतं. बाहेरून खत आणत नाहीत. गोव्यातल्या खाजणांतही, जी एकूण १८ हजार हेक्टरांच्या आसपास आहेत, बांध, मानस नावाची उघाडी, भात आणि मासे अशीच जुनी मोट बांधलेली आहे. आपल्याकडेही उघाडीवर मासे धरतात, पण ते शेताशी जोडलेले राहिले नाहीत. मी तिथं उभी होते आणि मला आपली पेंढ्याची गंजी आठवत होती.

आता बांधाचं. वहिनी, हे सगळं बांधाच्या आत आहे. पुन्हा खांड पडली तर माझं हे पत्र फाडून टाक. लहानपणी उधाणाच्या रात्री हाळी आली की गावातलं एकही माणूस घरात राहत नसे. दादा कंदील धरायचा, तू आणि आई चिखलाची घमेली पुढे द्यायचात. बांध आपला आहे असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. १९७९ चा खारजमीन विकास अधिनियम आला, सरकारी योजनांतून बांध झाले, ते मोठे आणि पक्के झाले, हे चांगलंच झालं. पण हळूहळू बांधाकडे पाहणारे डोळे कमी झाले. पावसाळ्याआधी एकदा सगळ्या गावानं बांधावरून चालून यावं, खेकड्यांची बिळं, खचलेल्या जागा आणि उघाडीचं झाकण पाहावं. झाकण भरतीच्या दाबानं पुरतं मिटतं का, ओहोटीला पुरतं उघडतं का, एवढंच पाहायचं आहे. तुझ्या बचत गटातल्या बायका गेल्या तरी पुरुष मागून येतील.

आणि तिवरं. बांधाच्या बाहेर ती हवीतच, लाटेचा जोर तीच मोडतात. पण खांड उघडी राहिली आणि शेतात दोन-चार पावसाळे खारं पाणी खेळलं की तिवरं आतही रुजतात. मग त्या जमिनीवर नांगर चालवता येत नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनं तोडायला राज्यभर बंदी कायम केली आहे, आणि ती योग्यच आहे असं मी मानते. पण म्हणूनच सांगते, शेत पडीक ठेवून वाट पाहायला आपल्याकडे दहा वर्षं नाहीत. त्या तुकड्याच्या खालच्या कोपऱ्यात मागे तू दोन कोवळी रोपं दाखवली होतीस.

भाव विचारायला येणाऱ्यांबद्दल मी तुला काय सांगणार? कोकणात खारी जमीन ६५ हजार हेक्टरांच्या घरात आहे. तिच्यातली किती खरोखर नापीक आहे आणि किती नुसती थकलेली आहे, हे विकण्याआधी कुणी तपासत नाही. १९३३ साली चरीच्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या शब्दावर खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि ते १९३९ पर्यंत अडून राहिले. उपास काढले, दुसरीकडे मोलमजुरी केली, पण जमिनीवरचा हक्क सोडला नाही. ती माणसं ज्या जमिनीसाठी अडली ती हीच खारी जमीन होती, वहिनी, बागायत नव्हे. तुला विकावीशी वाटली तर तो तुझा आणि दादाचा निर्णय, मी आड येणार नाही. पण ती मेली म्हणून विकू नकोस. ते खरं नाही.

मी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चार दिवस येते. त्याआधी एक काम कर. त्या तुकड्यातल्या सहा-सात ठिकाणी, टकलाच्या आत आणि बाहेर, वितीभर खोल खणून माती घे, पण वरची पांढरी साय बाजूला काढून वेगळ्या पुडीत ठेव. टकलाची माती एका पिशवीत, कडेची दुसऱ्या पिशवीत. सावलीत सुकव आणि पिशवीवर कोळशानं खूण कर. माझ्याबरोबर धैंच्याचं १० किलो बी आणि यंत्र असेल. दादाला गुडघ्यामुळे खणायला लावू नकोस, मुलांना सांग.

आणि पेंढ्याचा व्यापारी आला तर त्याला सांग, मागच्या पडवीतली गंजी यंदा विकायची नाही.

तुझी,
धाकटी नणंद